टेंभलीचे बारा अंक आणि नंदुरबारची आठ चिन्हं

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. पहिला क्रमांक टेंभलीतल्याच एका महिलेला मिळाला. पुढे शंभर कोटींहून जास्त माणसांपर्यंत असे क्रमांक पोचले. टेंभलीवर, तिथल्या रस्त्यांवर, विजेवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला विचारायचं आहे ते त्या कार्डावरच्या दोन ओळींबद्दल. एका ओळीत बारा अंक आहेत, दुसरीत माणसाचं नाव आहे. या दोन गोष्टी संगणकात नेमक्या काय म्हणून ठेवायच्या?

मी शहाद्यात राहते. पतसंस्था, दूध सोसायट्या, मिरची पिकवणाऱ्यांचे गट यांच्या वह्या संगणकावर आणून देण्याचं माझं काम आहे. सभासदाचं नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, शिल्लक एवढाच मजकूर असतो, पण तो चुकला तर कोणाचा तरी विम्याचा हप्ता किंवा अनुदानाचे पैसे अडकतात. हे काम मी हॅस्केल नावाच्या भाषेत करते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश या प्राध्यापकांची हॅस्केलवरची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट पाहता येतात. मी तिथूनच शिकले. भाषेला नाव मिळालं ते हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञावरून. १९८७ साली पोर्टलंडच्या एका परिषदेत काही संशोधकांनी ती तयार करायचं ठरवलं आणि १९९० साली तिचा पहिला अहवाल निघाला. आपल्याकडे ती फारशी वापरात नाही, पण अगदीच अनोळखीही नाही. बंगळुरूच्या रिक्षाचालकांसाठीचं ‘नम्मा यात्री’ हे ॲप ज्या मागच्या यंत्रणेवर चालतं, ती हॅस्केलमध्ये लिहिलेली आहे.

हॅस्केलची खोड अशी की प्रत्येक गोष्ट कोणत्या प्रकारची आहे हे तिला आधी कळलं पाहिजे. सांगाल तेव्हा किंवा ती स्वतः ताडेल तेव्हा, पण प्रोग्रॅम चालू होण्याआधी. ही संख्या आहे का? असेल तर पूर्णांक की अपूर्णांक? पूर्णांक असेल तर केवढा? हा मजकूर आहे की मजकुरासारखे दिसणारे नुसते बाइट आहेत? उत्तर जुळलं नाही तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. नव्या माणसाला याचा त्रास होतो. मला मात्र वाटतं की आमच्या जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे कागदावरची एक चूक दुरुस्त करायला डोंगरातल्या माणसाला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावं लागतं, तिथे हा त्रास प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सोसावा हेच रास्त आहे.

आधी अंकांचं पाहू.

बहुतेक संस्थांमध्ये पहिली यादी एक्सेलमध्ये असते. त्यात बारा अंक टाकले की रकान्यात १.२३४५७ई+११ असं काहीतरी दिसतं, कारण एक्सेलने ती मोठी संख्या समजून शास्त्रज्ञांच्या पद्धतीने लिहिलेली असते. एका सोसायटीच्या सचिवांनी मला बोलावून विचारलं, “ताई, हे ई आलं कुठून? आमच्या सभासदाच्या कार्डावर तर नाही.” आधार क्रमांक तरी आत शाबूत असतो, फक्त दिसत नाही. सोळा अंकी खाते क्रमांकाचं तसं नाही. एक्सेल पंधरा सार्थ अंकच धरून ठेवतं, सोळाव्याचं शून्य करून टाकतं. नंदुरबारचा दूरध्वनी संकेतांक ०२५६४ टाकला तर पुढचं शून्य जातं. आणि ज्याच्यावर आमचं अख्खं जगणं उभं आहे तो शब्द, ७/१२, तसाच टाकून पाहा. ती तारीख होते. गट नंबर १२/३ असेल तर तो १२ मार्च होतो. शेतकऱ्याच्या जमिनीच्या जागी एक दिवस येऊन बसतो आणि यादी छापली जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. संख्या म्हणजे जिची बेरीज करता येते, जी दुसरीपेक्षा मोठी किंवा लहान असते. दोन सभासदांच्या आधार क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? तरीही एक्सेलमध्ये तो रकाना निवडला की खाली बेरीज निमूट दिसते.

हॅस्केलमध्ये बेरीज ज्यांची करता येते अशा प्रकारांचा एक वर्ग आहे, त्याचं नाव ‘नम’. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही वर्गांची कल्पना मांडली. ‘नम’मध्ये जो प्रकार दाखल केलाय त्यालाच अधिकचं चिन्ह लावता येतं. मी आधार क्रमांकासाठी स्वतंत्र प्रकार करते. आतमध्ये तो बारा चिन्हांचा मजकूरच असतो, पण त्याला वेगळं नाव असतं आणि त्याला मी ‘नम’मध्ये घालत नाही. मग कोणी चुकून दोन आधार क्रमांकांची बेरीज लिहिली, किंवा खाते क्रमांकाच्या जागी आधार क्रमांक दिला, तर भाषा तिथेच थांबवते. अशा वेगळ्या नावासाठी ‘न्यूटाइप’ हा शब्द वापरतात. प्रोग्रॅम चालताना त्याचं ओझं शून्य असतं. सगळी तपासणी आधीच उरकलेली असते. क्षेत्रासाठीही हेच करते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यात. ‘चाळीस’ हा आकडा चाळीस आर आहे की चाळीस गुंठे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दोन्ही साधारण एकराच्या आसपास येत असल्यामुळे चूक डोळ्यांनाही दिसत नाही. प्रकार वेगळे केले की रूपांतर लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आता ज्या खऱ्याच संख्या आहेत त्यांच्याकडे येऊ. हॅस्केलमध्ये पूर्णांकांचे दोन मुख्य प्रकार आहेत, ‘इंट’ आणि ‘इंटीजर’. इंटीजरला मर्यादा नाही. मेमरी पुरेल तेवढा तो वाढतो. इंटला मर्यादा आहे. भाषेचा अधिकृत अहवाल इंटसाठी फक्त ५३,६८,७०,९११ पर्यंतची हमी देतो. प्रत्यक्षात आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर तो एकोणीस अंकांपर्यंत जातो, म्हणजे आधार क्रमांक त्यात आरामात बसेल. पण ३२ बिटांचा प्रकार अजून ठिकठिकाणी, जुन्या डेटाबेसांमध्ये, बँकांना पाठवायच्या फायलींमध्ये भेटतो. त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. आपला दहा अंकी मोबाइल नंबरसुद्धा त्यात मावत नाही.

न मावल्यावर काय होतं ते मुद्दाम करून पाहावं असं आहे. १२३४ ५६७८ ९०१२ हा क्रमांक घ्या. हा कोणाचाही नाही, कारण आधार क्रमांकाची सुरुवात शून्याने किंवा एकाने होत नाही. हॅस्केलमध्ये एका पूर्णांक प्रकारातून दुसऱ्यात नेण्यासाठी ‘फ्रॉम-इंटिग्रल’ हे फंक्शन आहे. त्याने हा क्रमांक ३२ बिटांच्या इंटमध्ये नेला की उत्तर येतं उणे १,०९,७२,६२,५७२. चूक झाल्याचा संदेश येत नाही आणि प्रोग्रॅमही पुढे चालूच राहतो. पायलीत मण ओतला तर सांडलेलं धान्य निदान जमिनीवर दिसतं. इथे वरचे बिट कापले जातात आणि उरलेला आकडा साळसूदपणे जागेवर बसतो.

इतकी काटेकोर भाषा इथे गप्प का राहते, हा माझा हॅस्केलवरचा खरा आक्षेप आहे. वेगासाठी हा निर्णय घेतला गेला, पण त्याची किंमत इतरांनी दुसरीकडे मोजलेली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्यात ६४ बिटांची एक अपूर्णांक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले होते, जिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नव्हती. त्या रॉकेटची भाषा ‘एडा’ होती, हॅस्केल नव्हे, आणि एडाने निदान चूक उघड केली. ती पकडून पुढे काय करायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. म्हणून माझा नियम असा आहे की सरसकट इंटीजर वापरायचा आणि लहान प्रकारात न्यायची वेळ आलीच तर ‘मावलं’ किंवा ‘मावलं नाही’ असं स्पष्ट उत्तर देणारं फंक्शन वापरायचं. हॅस्केलमध्ये ‘मेबी’ नावाचा प्रकार त्यासाठीच आहे. उत्तर असेल तर असेल, नसेल तर ‘काही नाही’, आणि ‘काही नाही’चं काय करायचं हे लिहिल्याशिवाय आतली किंमत हाताला लागत नाही.

पैशांचं प्रकरण आणखी नाजूक. ‘डबल’ हा अपूर्णांकांचा नेहमीचा प्रकार. त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात. एकाला तिनाने भागल्यावर आपल्या दशमान पद्धतीत जसे तीन संपत नाहीत, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांश संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो. पतसंस्थेच्या व्याजात हे तुकडे साठत गेले की वर्षअखेरीला ताळा लागत नाही आणि सगळे त्या एका पैशामागे रात्र घालवतात. उपाय सोपा आहे. हिशोब पैशांत ठेवायचा, इंटीजरमध्ये, आणि छापताना रुपये करायचे. नाहीतर ‘रॅशनल’ हा प्रकार वापरायचा, ज्यात एकदशांश हा खरोखर एक छेद दहा असाच राहतो.

त्यातही एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. हॅस्केलमध्ये २.५ ला जवळच्या पूर्णांकात आणा म्हटलं की उत्तर २ येतं, आणि ३.५ चं ४. बरोबर मध्यावरची संख्या ती जवळच्या सम संख्येकडे नेते. हजारो नोंदींत चूक एकाच बाजूला साठू नये म्हणून ही पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, हा नियम संस्थेच्या ठरावात असतो. सभासद पासबुक घेऊन काउंटरवर येतो तेव्हा तो ठराव महत्त्वाचा, भाषेची सवय नव्हे. त्यामुळे ते फंक्शन स्वतःच लिहावं लागतं.

आधारच्या बारा अंकांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्यात निखळ गणिती सौंदर्य आहे. बारावा अंक माहितीचा नाही, पडताळणीचा आहे. पहिले अकरा अंक टाकून तो काढता येतो आणि टंकताना चूक झाली असेल तर तो जुळत नाही. पद्धत याकोबस व्हर्हूफ या डच गणितज्ञाची, १९६९ सालची. माणसं नंबर लिहिताना दोन चुका सर्वांत जास्त करतात. एखादा अंक चुकतो, किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडतात. ३७ चे ७३ होतात. नुसती बेरीज करून पडताळा घेतला तर दुसरी चूक सापडतच नाही, कारण तीन अधिक सात आणि सात अधिक तीन सारखेच. व्हर्हूफने बेरजेऐवजी पंचकोनाच्या हालचाली घेतल्या. सुसम पंचकोन पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे उलटा करता येतो, एकूण दहा हालचाली, म्हणजे शून्य ते नऊ प्रत्येक अंकाला एक. पुठ्ठ्याचा पंचकोन कापून कोपऱ्यांना नंबर द्या, आधी फिरवून मग उलटा करा आणि नंतर आधी उलटा करून मग फिरवा. कोपरे वेगळ्या जागी येतात. क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि अंकाची जागा पाहून आधी त्याची थोडी अदलाबदलही केलेली असते. त्यामुळे एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल हमखास पकडली जाते. हे सगळं हॅस्केलमध्ये दोन कोष्टकं आणि मोजक्या ओळींत बसतं. वह्यांवरून क्रमांक टंकून घेताना हीच पडताळणी आम्ही लावतो; चुकलेला क्रमांक सभासद समोर उभा असतानाच सापडतो.

आता नाव.

आमच्या जिल्ह्याचं नाव हॅस्केलला दिलं आणि लांबी विचारली तर ती सांगते आठ. आपण मोजतो पाच: नं, दु, र, बा, र. हॅस्केलचा ‘चार’ हा प्रकार म्हणजे अक्षर नव्हे, तर युनिकोडमधलं एक चिन्ह. न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र अशी ती आठ चिन्हं आहेत. प्रत्येकाला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरीच्या वाट्याला १२८ जागांचा एक पट्टा आला, त्याची मांडणी भारतीय मानक ‘इस्की’वरून घेतली गेली आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ती युनिकोडमध्ये आहे. हॅस्केलमध्ये ‘प्रिंट’ वापरून नंदुरबार छापायला गेलात तर पडद्यावर २३४४, २३०६, २३४२, २३६९, २३५२, २३४८, २३६६, २३५२ असे आठ आकडे तिरप्या रेघांसकट येतात. नवशिका घाबरतो, त्याला वाटतं फाइल बिघडली. काहीही बिघडलेलं नसतं. ‘पुट-एस-टी-आर-एल-एन’ या दुसऱ्या फंक्शनने छापलं की नंदुरबार हेच दिसतं.

अडचणी येतात त्या पुढे. नावात फक्त अक्षरंच आहेत ना, हे तपासायला ‘इज-अल्फा’ नावाचं फंक्शन आहे. ‘नंदुरबार’ला ते लावलं की उत्तर ‘नाही’. काना, उकार, अनुस्वार ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, अक्षराला जोडायच्या खुणा आहेत. इंग्रजी नाव डोळ्यांसमोर ठेवून कोणी ही तपासणी लिहिली की काना-मात्रा असलेलं प्रत्येक मराठी नाव ‘अवैध’ ठरतं. ‘मगन’ आणि ‘रमण’ तेवढे पास होतात. अंकांचंही तेच. ‘इज-डिजिट’ फक्त इंग्रजी अंक ओळखतं. या लेखात छापलेला एकही अंक त्याच्या लेखी अंक नाही. तलाठ्याच्या जुन्या नोंदींतले मराठी आकडे वाचायचे तर ‘इज-नंबर’ वापरायचं आणि रूपांतराचं कोष्टक स्वतः द्यायचं. ही माहिती पाठ्यपुस्तकांत कोपऱ्यात असते, पण मराठीत काम करणाऱ्याने ती पहिल्या दिवशी शिकावी असं माझं मत आहे.

चिन्हं झाली, आता बाइट. फायलीत शेवटी बाइटच जातात आणि एका बाइटमध्ये २५६ च शक्यता असतात. २३४४ हा क्रमांक एका बाइटमध्ये मावत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेली यूटीएफ-८ ही पद्धत इंग्रजी चिन्हाला एक बाइट देते आणि देवनागरी चिन्हाला तीन. म्हणून नंदुरबार फायलीत चोवीस बाइटचं. हॅस्केलमध्ये मजकुरासाठी पूर्वापार ‘स्ट्रिंग’ आहे, म्हणजे एकामागे एक दोऱ्यात ओवलेली सुटी चिन्हं. शिकायला ती छान, पण मेमरी फार खाते. मराठीत एका चिन्हामागे चाळीस बाइट जातात, म्हणजे आठ चिन्हांना ३२०. खऱ्या कामासाठी ‘टेक्स्ट’ हा प्रकार वापरतात. तो आधी यूटीएफ-१६ मध्ये मजकूर ठेवायचा, २०२१ अखेरच्या २.० आवृत्तीपासून यूटीएफ-८ मध्ये ठेवतो. यात मराठीला दर चिन्हामागे दोनाऐवजी तीन बाइट लागू लागले. तरी मी त्या बदलाच्या बाजूची आहे, कारण फाइल आणि मेमरी यांची पद्धत एकच झाली आणि मधलं रूपांतर गेलं.

आणि मग ‘बाइटस्ट्रिंग’. हा मजकूर नव्हेच, नुसते बाइट. पण त्याच्या ‘चार-एट’ नावाच्या मोड्यूलमध्ये मजकुरापासून थेट बाइट करणारं ‘पॅक’ फंक्शन आहे, आणि ते प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकाचा खालचा एक बाइट ठेवून वरचा टाकून देतं. नंदुरबार त्यातून काढलं की काय उरतं ते सांगते. ‘न’चा होतो डावा कंस, अनुस्वाराचं एक न दिसणारं नियंत्रण चिन्ह, ‘द’चं ‘आणि’साठी वापरतात ते इंग्रजी चिन्ह, उकाराचा इंग्रजी ए, ‘र’चं शून्य, ‘ब’चा स्वल्पविराम, कान्याचं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, आणि शेवटच्या ‘र’चं पुन्हा शून्य. इंग्रजीत लिहिलेलं नंदुरबार मात्र त्यातून जसंच्या तसं बाहेर येतं, म्हणून लिहिणाऱ्याला चाचणीत काहीच सापडत नाही. मघाशी बारा अंकांचं जे झालं तेच हे. मोठी गोष्ट लहान जागेत कोंबली, वरचा भाग कापला गेला आणि कोणी बोललं नाही. एकदा बाइटमध्ये उतरलेलं असं नाव परत मिळवता येत नाही. ‘टेक्स्ट’मधून ‘एनकोड-यूटीएफ-८’ने बाइट करायचे आणि उलट येताना चूक कळवणारंच फंक्शन वापरायचं, हाच मार्ग.

दिसायला सारखी पण आतून वेगळी अशी नावं हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न आहे. सातपुड्यातल्या ‘दऱ्या’ किंवा ‘पावऱ्यांचा’ या शब्दांतला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एकात वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि जोडणीचं एक अदृश्य चिन्ह. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे. हॅस्केलला विचारलं ‘सारखे आहेत का’, तर ती म्हणते नाहीत, आणि ती खरं बोलते. ‘ॲड.’ मधला ॲ तसाच: २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने त्याला स्वतंत्र जागा दिली, त्याआधीच्या फायलींमध्ये अ वर चंद्र देऊन तो लिहिलेला असतो. युनिकोडचं सामान्यीकरण नावाचं एक यंत्र आहे, त्याने वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकसारखं करता येतं. पण या दोन जोड्यांना ते हात लावत नाही. त्यासाठीचे नियम आम्ही वेगळे लिहून ठेवले आहेत आणि शोधण्याआधी दोन्ही बाजूंना लावतो. नाहीतर एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं यादीत दोन ठिकाणी जातात.

नियमाने न सुटणारी गोष्ट आहे ‘ळ’. वळवी हे आमच्या भागातलं घराघरातलं आडनाव. इंग्रजीत त्याची अक्षरं व्ही-ए-एल-व्ही-आय. एकदा ते इंग्रजी रकान्यातून गेलं आणि तिथून यंत्राने परत मराठीत आणलं की ‘वाल्वी’ होतं, कधी ‘वलवी’. ळ आणि ल यांना इंग्रजीत एकच घर आहे आणि कान्याचीही खूण नाही, म्हणजे जाताना जे गेलं ते परत येताना कुठून आणणार? पाडवीचं पडवी होतं. माझ्या ओळखीच्या एका आजींची तीन कागदांवर तीन आडनावं आहेत, आणि तिन्ही खरी ठरवायला त्यांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. नंदुरबारमध्ये दोनतृतीयांशांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. भिली, पावरी, मावची बोलणारी ही माणसं नाव मराठीत सांगतात, कारकून इंग्रजीत टंकतो, यंत्र पुन्हा मराठीत आणतं. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी झडतं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये आता देवनागरी नाव आणि रोमन नाव हे दोन वेगळे प्रकार आहेत. एकातून दुसऱ्यात नेणारं फंक्शन मी मुद्दाम लिहिलेलं नाही, त्यामुळे कोणाला ते चुकूनही वापरता येत नाही. दोन्ही रकाने माणसाला विचारूनच भरावे लागतात. देवनागरीचा आधी येतो. टंकून झाल्यावर नाव मोठ्या आकारात पडद्यावर दिसतं. ज्याला वाचता येतं तो वाचतो, ज्याला येत नाही त्याला कारकून मोठ्याने वाचून दाखवतो आणि ‘बरोबर’ असं ऐकू आल्यावरच नोंद जतन करतो. यात वेळ जातो अशी तक्रार संस्थांकडून येते. बाजाराच्या दिवशी रांग लागते तेव्हा ती तक्रार मला पटतेही, म्हणून नवीन नोंदणी आम्ही बाजाराचा दिवस सोडून ठेवतो.